कोळशाच्या खर्चावर हेस्कॉमविरुद्ध आक्षेप कसा द्यायचा, आणि तो बाद का होतो

वीजदर ठरवण्याआधी ग्राहकांचे म्हणणे ऐकून घेणे कर्नाटक वीज नियामक आयोगावर, म्हणजे केईआरसीवर, कायद्याने बंधनकारक आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 64 मध्ये तशी तरतूद आहे. तरीही हेस्कॉमच्या, म्हणजे हुबळीच्या सरकारी वीजपुरवठा कंपनीच्या, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागातून मराठी माणसांचे जे आक्षेप जातात, त्यांतले बरेच विचारात येण्याआधीच गळतात. मुद्दा खरा असतो, कळकळ खरी असते, पण कागद चुकलेला असतो किंवा प्रश्न भलत्याच दारात नेलेला असतो. कोळशाच्या बाबतीत हे फार होते, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

आधी कोळशाचा आणि तुमच्या बिलाचा संबंध काय ते पाहू. कर्नाटकात कोळशाची खाण नाही. रायचूर, बळ्ळारी आणि यरमरस ही राज्याच्या वीज महामंडळाची, म्हणजे केपीसीएलची, औष्णिक केंद्रे बाहेरच्या कोळशावर चालतात. विजापूर जिल्ह्यातले कुडगीचे 2400 मेगावॅटचे केंद्र केंद्र सरकारच्या एनटीपीसी कंपनीचे, तेही बाहेरच्याच कोळशावर. केपीसीएलकडे स्वतःची म्हणावी अशी एक खाण आहे ती महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातली बरांज. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातली 214 कोळसा खाणपट्ट्यांची वाटपे रद्द केली, त्यात ही खाणही गेली. पुढे ती पुन्हा केपीसीएललाच मिळाली, पण मधली बरीच वर्षे उत्पादन बंद होते. रायचूरच्या भट्टीत जळणाऱ्या प्रत्येक टनाची किंमत, रेल्वेभाडे आणि त्यातल्या राखेमुळे होणारा तोटा फिरत फिरत हेस्कॉमच्या वीजखरेदीत येतो आणि तिथून तुमच्या बिलात. बिलावर एफपीपीसीए नावाची ओळ दिसते ना? इंधन आणि वीजखरेदीच्या खर्चातला फरक तिथेच वसूल होतो, कधी अधिक तर कधी वजा.

आक्षेप कोण देऊ शकतो? हेस्कॉमचा कोणताही ग्राहक. घरगुती मीटरवाला, उद्यमबागेतला फौंड्रीवाला, वडगाव-शहापूरचा यंत्रमागवाला, पंपसेटवाला शेतकरी, ग्राहक संघटना, सहकारी संस्था, सगळे. वकील लागत नाही. दहा एचपीपर्यंतच्या पंपाचे बिल सरकार भरते, मग आपण कशाला बोलायचे, असे शेतकरी म्हणतात. तसे समजू नका. 2023 च्या दुष्काळात ऑक्टोबरमध्ये पंपांचा करंट सातऐवजी पाच तासांवर आला होता. वीज कमी पडली की पहिली कात्री तुमच्यावरच चालते. तेव्हा वीज कुठून घ्यायची आणि किती घ्यायची, यावर बोलायचा तुमचा हक्क इतर कुणाहून कमी नाही.

आता अडणाऱ्या जागा.

सर्वांत जास्त आक्षेप प्रतिज्ञापत्रावर अडतात. साध्या कागदावर "मा. सचिव यांस" असे लिहून सही केलेले पत्र पाठवले जाते. आयोगाला म्हणणे प्रतिज्ञापत्रासह हवे असते. म्हणजे स्टॅम्प पेपर, त्यावर नाव, वडिलांचे नाव, वय, पत्ता, आरआर नंबर (बिलावरचा जोडणीचा क्रमांक), "सोबतचे म्हणणे माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे" हे विधान, आणि नोटरीसमोर सही. कोर्टाच्या आवारात अर्ध्या तासात होणारे काम आहे. पण आक्षेप मागवणाऱ्या, वृत्तपत्रात छापल्या जाणाऱ्या नोटिशीतली ती ओळ कुणी वाचत नाही आणि परत आलेला कागद हातात पडतो तेव्हा मुदत संपलेली असते. साध्या ग्राहकाच्या पत्राला प्रतिज्ञापत्राची सक्ती का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. सामान्य माणसाला त्याने दूर ठेवले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. पण नियम आहे तोवर तो पाळा, कारण तुमचा मुद्दा वाया जाऊ नये. किती प्रती द्यायच्या हेही नोटिशीत असते, तेवढ्याच द्या. एक प्रत हुबळीला नवनगरमधल्या हेस्कॉमच्या मुख्य कार्यालयात पोहोचवा आणि ती पोहोचल्याची पावती आयोगाच्या प्रतीला जोडा. ही पावती विसरणारे तर फारच.

दुसरी जागा मीटरवरचे नाव. आपल्याकडे निम्म्या घरांचे मीटर आजोबांच्या नावावर असते. आक्षेप तुमच्या नावाचा आणि आरआर नंबर आजोबांचा, मग "हा ग्राहक कोण" असा प्रश्न निघू शकतो. नाव बदलून घेणे उत्तम, पण मुदतीत ते होणार नाही. तेव्हा प्रतिज्ञापत्रातच एक ओळ घाला की जोडणी अमुक नावावर आहे, मी त्यांचा नातू आहे, याच घरात राहतो आणि बिल मीच भरतो. सोबत अलीकडच्या बिलाची आणि आधारची प्रत जोडा. आधारवर आडनाव एका पद्धतीने आणि कन्नडमधून आलेल्या बिलावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असेल, तर दोन्ही लेखने प्रतिज्ञापत्रात देऊन ती व्यक्ती एकच असल्याचे लिहा.

तिसरी जागा मुदत. नोटीस वृत्तपत्रात छापल्यापासून 30 दिवस, आणि तेवढ्यात कागद आयोगाकडे पोहोचला पाहिजे. पोस्टात टाकल्याची तारीख धरून चालू नका. त्याच नोटिशीच्या आसपास जाहीर होणारी सुनावणीची तारीख पाहून "अजून वेळ आहे" असे समजणारे दर वर्षी भेटतात. त्यात आपली आणखी एक अडचण अशी की नोटीस कन्नड आणि इंग्रजी वृत्तपत्रांत येते. आपल्या मराठी दैनिकात ती वाचायला मिळेल म्हणून थांबलात तर महिना निघून जाईल. नोव्हेंबरच्या अखेरीस कंपन्यांचे अर्ज आयोगाकडे जातात, त्यानंतर हेस्कॉमच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळावर आठवड्याला एकदा तरी पाहत जा. मार्च 2025 च्या आदेशाने 2027-28 पर्यंतचे दर ठरले असले, तरी दरवर्षीच्या जमाखर्चाचा आढावा होतो. तीन वर्षे सारे बंद असे धरून बसू नका.

निपाणी आणि कागवाड भागातल्यांना एक विनंती. कागल-मिरजेकडच्या पाहुण्यांकडून महावितरणच्या सुनावणीची नोटीस मोबाइलवर येते आणि आक्षेप मुंबईच्या आयोगाकडे जातो. तुमचे मीटर हेस्कॉमचे असेल तर तुमचा आयोग बेंगळुरूला वसंतनगरात आहे. मुंबईला पाठवलेला कागद कुणी इकडे पाठवून देणार नाही. आक्षेप कन्नडमध्ये किंवा इंग्रजीतच द्या. मराठीत आधी नीट मनासारखे लिहून काढा आणि मग कन्नड चांगले येणाऱ्या माणसाकडून करून घ्या. भाषेच्या कारणाने आपला मुद्दा मागे पडणे मला सहन होत नाही, पण इथे हट्ट धरला तर नुकसान आपलेच आहे.

आणि आता सगळ्यांत मोठी अडचण, म्हणजे नेमके काय मागायचे.

लोक दोन-दोन पाने लिहितात की देशाकडे एवढा कोळसा जमिनीत असताना बाहेरून का आणायचा, नव्या खाणी उघडा, म्हणजे लोडशेडिंग जाईल. म्हणणे अगदी रास्त आहे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या औष्णिक केंद्रांकडे सरासरी चारेक दिवसांचाच साठा उरला होता, 2022 मध्ये आयात कोळसा मिसळण्याचे आदेश निघाले, आणि 2024-25 मध्ये देशाचे उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले. पण खाणपट्टे द्यायचे की नाही हे दिल्लीचे कोळसा मंत्रालय ठरवते, केईआरसी नाही. तशी मागणी केलीत तर आदेशात "आयोगाच्या कक्षेबाहेर" एवढीच ओळ येईल. कुडगीच्या कोळशाबद्दल लिहिले तरी तेच, कारण एनटीपीसीचे दर केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो.

मग आयोग काय ठरवू शकतो? केपीसीएलच्या विजेची किंमत योग्य आहे का आणि हेस्कॉमने ती शहाणपणाने घेतली का, हे. तेव्हा देशी कोळशाची तुमची तळमळ प्रश्नांच्या रूपात मांडा. बरांजचा कोळसा रायचूरला किती गेला? तो कोल इंडियाच्या आणि तेलंगणातल्या सिंगरेणी कंपनीच्या कोळशापेक्षा स्वस्त पडला की महाग? कोळसा जळल्यावर मिळणारी उष्णता खाणीवर किती मोजली आणि केंद्रावर किती, यात किती फरक आला, आणि त्याचा भार ग्राहकावर का? आयात कोळसा मिसळला असेल तर किती आणि कोणत्या दराने? हेस्कॉमच्या अर्जातल्या वीजखरेदीच्या तक्त्यात प्रत्येक केंद्राचे युनिट, स्थिर आकार आणि इंधनाचा आकार वेगवेगळा असतो. तो पाहूनच लिहा. केंद्र चालो वा न चालो, स्थिर आकार द्यावाच लागतो. त्या आकड्याला कोळशाची महागाई म्हणालात तर हेस्कॉमचे उत्तर दोन ओळींत येईल आणि तुमच्या बाकीच्या मुद्द्यांचे वजनही जाईल.

मीटर जोरात पळतो, बिल चुकले, ट्रान्सफॉर्मर जळून पडला आहे, असल्या तक्रारी या आक्षेपात घालू नका. त्यासाठी 1912, मग उपविभागाचे कार्यालय, मग जिल्ह्याचा ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर विद्युत लोकपाल.

बाकीचे सोपे आहे. मुद्द्यांना क्रमांक द्या, प्रत्येक पानावर सही करा, फोन नंबर घाला. तोंडी म्हणणे मांडायचे असेल तर तसे आक्षेपातच लिहा. सुनावणीत वेळ थोडा मिळतो, म्हणून दोनच मुद्दे निवडून जा.

आक्षेप दाखल झाल्यावर हेस्कॉम लेखी उत्तर पाठवते. ते फाइलला लावून ठेवू नका, वाचा. विचारलेला आकडा उत्तरात आला नसेल तर सुनावणीत तेवढेच सांगा की माझ्या अमुक क्रमांकाच्या मुद्द्याला उत्तर मिळालेले नाही. आदेश निघाल्यावर आक्षेप, हेस्कॉमचे उत्तर आणि आयोगाचे मत एकाखाली एक छापलेले असतात. तिथे आपला मुद्दा शोधा आणि ते पान पुढच्या वर्षीच्या आक्षेपाला जोडण्यासाठी काढून ठेवा.