एकादशी, कणकुंबी आणि चमचाभर साखर

कणकुंबीहून सायकलनं परतताना जांबोटी मागं पडली, कुसमळीचा पूल अजून यायचा होता आणि मी गिअरवर भडकलो होतो. लिव्हर दाबतोय, दाबतोय, पण मागचं गिअर काही हलत नाही. दुकानदाराला शिव्या घालून झाल्या, मग सायकलीला. शेजारून चाललेल्या दोस्तानं शांतपणे सांगितलं, "अरे, डाव्या हातानं दाबालाईस तू." मागचं गिअर उजव्या हाताला असतं, हे मला बारा वर्षं माहीत आहे.

"खाल्लास काय काय तरी?"

"एकादशी आहे."

"मग एकादशीचं खा की! उपाशी ऱ्हा म्हणून कुणी सांगितलंय?"

कार्तिकी एकादशी रविवारी आली होती. पहाटे साडेपाचला आमचा सायकलचा ग्रुप बेळगावजवळच्या पिरनवाडीहून निघाला आणि किणये, जांबोटी करत कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी पोचला. जाऊन-येऊन 80 च्या आसपास किलोमीटर. आदल्या रात्री आठला जेवलो होतो, त्यानंतर फक्त बिनदुधाचा चहा आणि पाणी. दोस्तानं खिशातला राजगिऱ्याचा लाडू दिला. तो थोडा घामानं ओला झाला होता, पण खाल्ला. दहा-पंधरा मिनिटांत दुकानदाराला माफ करून टाकलं. मजा अशी की पाय आधीही बऱ्यापैकी चालत होते. बिघडलं होतं ते डोकं.

याचं कारण साखर शरीरात कुठं कुठं ठेवलेली असते त्यात आहे. खाल्लेल्या भाकरी-भाताची साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते. स्नायूंत मिळून साधारण 300 ते 500 ग्रॅम, यकृतात जेमतेम 80 ते 100 ग्रॅम. आणि रक्तात फिरणारी साखर? सगळ्या रक्तात मिळून 4-5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूलाच तासाला सुमारे 5 ग्रॅम लागते, तेव्हा हा चमचा सतत भरत राहावा लागतो आणि पोट रिकामं असताना ते काम मुख्यतः यकृत करतं.

स्नायूंत एवढा साठा असताना तो मेंदूला का मिळत नाही? स्नायूतल्या साखरेला फॉस्फेटची गाठ मारलेली असते आणि ती सोडणारं एन्झाइम स्नायूंकडे नाही, यकृताकडे आहे. गाठ सुटत नाही तोवर साखर पेशीबाहेर पडत नाही. स्नायू म्हणजे घरची कणगी: आपल्यापुरतं भरलेलं, शेजाऱ्याला पसाभरही मिळायचं नाही. यकृत म्हणजे गावचं रेशन दुकान. दुकान लहान आणि रांग मोठी.

प्रत्येक कणगी किती वेगळी असते, ते 1966 मध्ये स्वीडनच्या बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या दोन डॉक्टरांनी स्वतःवरच करून पाहिलं. एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना दोघं बसले आणि प्रत्येकानं एकाच पायानं पेडल मारलं, पाय गळून जाईपर्यंत. मग दोन्ही मांड्यांत सुई घालून स्नायूचे कण काढले. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, बसून राहिलेल्या पायातलं जसंच्या तसं. एकाच माणसाचा एक पाय उपाशी, दुसरा तुडुंब, आणि देणंघेणं शून्य. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर कार्बोदकं खाल्ली, तेव्हा राबलेल्या पायानं दुसऱ्याच्या दुपटीच्या आसपास साठा केला. शर्यतीआधी भात-बटाटे हाणण्याची रीत या सुईतून आली.

आता माझी एकादशी. रात्रभर झोपेत पायांतलं ग्लायकोजेन फारसं हलत नाही. रिकामं होतं ते रेशन दुकान, कारण मेंदू झोपेतही रांगेत उभाच असतो. सकाळी उठलो तेव्हा पाय भरलेले आणि यकृत अर्धंअधिक मोकळं. त्यावर तीन तास सायकल, आणि पायही कणगी उतरल्यावर रक्तातली साखर ओढायला लागलेले. मग डावं-उजवं कळेना यात नवल नाही. 1924 सालच्या बोस्टन मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंची रक्तशर्करा मोजली, तेव्हा ती फार उतरलेले लोक फिकट, चिडचिडे आणि गोंधळलेले दिसले. पुढच्या वर्षी धावताना गोळ्या-चॉकलेट दिल्यावर तीच माणसं बरी राहिली. सायकलवाले याला 'बॉन्क' म्हणतात.

एक गंमत इथंच सांगतो. गोड पाणी तोंडात खुळखुळवून थुंकलं, तरी तासाभराच्या जोरदार चालीत थोडा फरक पडतो, कारण तोंडातून मेंदूला 'येतंय' असा निरोप जातो. लाडू पोटात पुरता उतरायच्या आत मला बरं वाटायला लागलं, त्यात या निरोपाचाही वाटा असावा. गिळलं नाही म्हणजे उपवास मोडला की नाही, ते भटजींना विचारा.

"पण चरबी आहे की अंगावर!" हे वाक्य प्रत्येक राईडला कुणीतरी टाकतंच. आहे, भरपूर आहे. 65 किलोच्या माणसात 10 किलो चरबी धरली तरी 75,000 किलोकॅलरी होतात. नुसत्या हिशेबानं बेळगावहून काश्मीर गाठता येईल. अडचण वेगाची आहे. चरबी जाळायला त्याच कामासाठी प्राणवायू जास्त लागतो आणि ती स्नायूपर्यंत पोचते बैलगाडीनं. गप्पा मारत, पूर्ण वाक्य बोलता येईल अशा चालीनं निघालात तर निम्म्याच्या आसपास भार ती उचलू शकते. पण जांबोटीच्या पुढच्या चढावर एखादा पोरगा सुटला आणि तुम्ही इरेला पेटून त्याच्या मागं लागलात, की शरीर साखरेवर येतं. त्या दिवशी मी तेच केलं होतं. उपवासानं मला मारलं नाही, त्या पोराच्या मागच्या चाकानं मारलं.

उपाशीपोटी राईड केल्यानं वजन उतरतं का? त्या दोन-तीन तासांत चरबी जास्त जळते हे खरं, पण दिवसाचं एकूण खाणं तेवढंच असेल तर शरीर पुढच्या तासांत हिशेब फेडून घेतं. हळू चालीची, तास-सव्वातासाची राजहंसगडापर्यंतची फेरी उपाशीपोटी खुशाल करा, काही बिघडत नाही. मधुमेहाची औषधं, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हा खेळ डॉक्टरांना न विचारता करू नये. आणि निर्जळीच्या दिवशी सायकल भिंतीला टेकवून ठेवावी. यावर वाद घालायला मी तयार नाही.

खरं तर आपला उपवास सायकलवाल्याच्या सोयीचाच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, 100 ग्रॅम कोरड्या दाण्यात 85 ग्रॅमच्या वर कार्बोदकं. वरी, बटाटा, रताळं, केळं, खजूर, राजगिरा, गूळ: ताट बघितलं तर शर्यतीच्या आदल्या दिवसाचं वाटतं. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणून हसणाऱ्यांनी एकदा सायकलनं चोर्ला घाट करून यावं. फक्त वेळ सांभाळायची. खिचडीतलं तूप आणि शेंगदाण्याचं कूट पोटात रेंगाळतं, म्हणून ती पहाटे निघताना नको. दोन-अडीच तास आधी, नाहीतर आदल्या संध्याकाळी बरी. निघताना एक केळं. दीड तासापेक्षा लांब जायचं असेल तर पहिल्या तासापासूनच तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोदकं. मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि एक लाडू. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

नुसतं ग्लुकोज तासाला 60 ग्रॅमच्या पुढं आतड्यातून फारसं जात नाही, दरवाजा तुंबतो. फ्रुक्टोजला दुसरा दरवाजा आहे. गुळात, केळ्यात, खजुरात दोन्ही साखरा असतात, त्यामुळं सायकलवाल्यांच्या महागड्या एनर्जी जेलच्या (साखरेच्या घट्ट पाकाच्या) पाकिटाचं काम गुळाच्या खड्यावर भागतं. गोकाकचं करदंट, म्हणजे गूळ-सुकामेव्याची वडी, खिशात टिकतं, पण सुकामेवा सावकाश पचतो, तेव्हा ते हळू राईडसाठी. कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, घाटात खाऊ नये. घरी येऊन खावा, पाहिजे तेवढा.

पाण्याचं गणित आपल्या भागात गावागणिक बदलतं. कणकुंबीच्या धुक्यात तहानच लागत नाही आणि उन्हाळ्यात अथणीकडं गेलात तर बाटली अर्ध्या तासात संपते. घामातून लिटरमागं साधारण ग्रॅमभर सोडियम जातं. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि तेही धोक्याचं आहे. उपवासाला मीठ चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी सैंधव आहेच, रसायनशास्त्राच्या लेखी तेही सोडियम क्लोराइडच. बाटलीत लिंबू, गूळ आणि पाव चमचा सैंधव. यात चवीपलीकडचं कारण आहे: आतड्याच्या भिंतीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दरवाजातून हातात हात घालून आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना 1960 मध्ये प्राग इथं मांडली. त्याच जोडीच्या जोरावर 1971 मध्ये दिलीप महालनोबिस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. आपली बाटली त्या पाण्याची चुलत बहीण.

रिकामी झालेली कणगी भरायला वेळ लागतो, तासाला पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पूर्ण दिवस. मी घरी आल्यावर वरीचा भात आणि दाण्याची आमटी खाऊन झोपलो. सोमवारी बारस. सकाळी पारण्याला बसलो आणि तिसऱ्यांदा भात मागितला, तेव्हा आईनं भांडंच माझ्यापुढं सरकवलं. "एकादशी होती म्हणालास, की कुणाच्या शेतात नांगरायला गेलतास?"