भंगारातलं सोनं सोडवणारे बॅक्टेरिया

सराफ बाजार म्हटला की झारेकरी आलेच, दुकानापुढची धूळ झाडून नेतात, धुतात आन त्यातून सोनं काढतात. जळगावला हे वेगळं सांगायला नको. आता असलंच काम बॅक्टेरियाकडून करून घेता येतं, फक्त धुळीऐवजी जुन्या मोबाईल-कॉम्प्युटरची सर्किट बोर्डं. खाणीतल्या एक टन दगडात बऱ्याचदा १ ते ५ ग्रॅम सोनं निघतं, चांगल्या बोर्डांच्या एका टनात शंभर-दोनशे ग्रॅम सुद्धा असू शकतं! २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. बाकीचा कुठं जातो ते भंगारवाल्यांना विचारा. बरंच उघड्यावर जाळतात नाहीतर तेजाबात बुडवतात, धूर आणि घाण पाणी वस्तीच्या वाट्याला.

आता बॅक्टेरिया काय धातू खात नाहीत बरं का. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा एक आहे, खाणीच्या आंबट पाण्यात सापडलेला, तो पाण्यातल्या फेरस लोहाचं फेरिक करतो (विरघळलेल्या लोहाचीच ही दोन रूपं) आणि त्यातूनच स्वतःची एनर्जी काढतो. हे फेरिक तांब्याला विरघळवतं आणि स्वतः परत फेरस होतं, की बॅक्टेरिया पुन्हा त्याला फेरिक करायला तयार, असं चक्र चालूच राहतं. विरघळलेल्या तांब्यात लोखंडाचा भंगार टाकला की तांबं खाली बसतं.

सोनं मात्र हट्टी. त्यासाठी क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा जांभळा बॅक्टेरिया, तो ग्लायसिन नावाच्या अमिनो आम्लापासून सायनाइड बनवतो आणि त्यात सोनं विरघळतं. सायनाइड ते सायनाइडच, विषारी, त्यामुळं हे काही घराच्या गच्चीवर करायचं काम नाही. आणि बोर्डात तांबंच इतकं की आधी ते काढलं नाही तर सगळं सायनाइड तेच गिळून बसतं, म्हणून आधी तांबं मग सोनं.

खरी अडचण वेळेची. भट्टीत तासांत होतं ते इथं दिवस, कधी आठवडे घेतं, शिवाय बोर्डाचा चुरा जास्त टाकला तर त्यातल्या धातूंनी बॅक्टेरियाच मरतात. आपल्याकडं तर उन्हाचंही बघावं लागेल, फेरोऑक्सिडन्सला ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं आणि भुसावळचा मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं ४५-५० अंशांत खुश राहणारा सल्फोबॅसिलस हा दुसरा बॅक्टेरिया मला जास्त कामाचा वाटतो, नाहीतर टाकी थंड ठेवायचं लाईटबिलच सोन्याच्या भावाला जायचं.