प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेताना संसर्ग कसा टाळावा

संधिवात, ल्युपस, सोरायसिस, आतड्यांचे काही जुनाट आजार किंवा प्रत्यारोपित मूत्रपिंड असेल, तर डॉक्टरांना रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी करावी लागते. औषध सुरू झाले की 'आता जपून राहा' असे सगळेच सांगतात. पण कशापासून जपायचे, हे औषधागणिक बदलते. म्हणून आपल्या औषधाचे नाव आणि ते प्रतिकारशक्तीचा नेमका कोणता भाग दाबते, हे रुग्णाला माहीत हवे.

क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात सुप्त असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कडे करतात आणि जंतू आत कोंडले जातात. हे कडे टिकायला टीएनएफ नावाचे प्रथिन लागते. इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅब ही इंजेक्शने नेमके तेच प्रथिन अडवतात. कडे सुटते आणि जुना क्षय उफाळतो. हा धोका २००१ मध्ये ठळकपणे समोर आला, तेव्हापासून या इंजेक्शनांआधी सुप्त क्षयाची तपासणी केली जाते. रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन प्रतिपिंडे (जंतूंना चिकटून त्यांना निकामी करणारी प्रथिने) बनवणाऱ्या साखळीतल्या बी पेशी संपवते, त्यामुळे यकृतात दबून राहिलेला हिपॅटायटिस बी पुन्हा डोके वर काढू शकतो. संधिवाताच्या टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्यांवर नागीण जास्त दिसते. स्टेरॉइड मात्र सगळीकडेच हात मारते, आणि डोस व दिवस वाढतील तसा धोका वाढतो. ज्यांच्या शरीरात स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी आहे त्यांना तर स्टेरॉइड जिवावर बेतू शकते. अनवाणी पायातून शिरलेला हा कृमी आतल्या आत पिढ्या वाढवत कित्येक दशके टिकतो. स्टेरॉइड मिळाले की त्याच्या अळ्या फुप्फुसांपर्यंत आणि पुढेही पसरतात. रक्ततपासणीत तो कळतो आणि आयव्हरमेक्टिनने जातो, म्हणून लहानपणी उघड्या मातीत अनवाणी वावर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

यावरून लक्षात येईल की संसर्ग टाळण्याचे अर्धे काम पहिल्या डोसच्या आधीच करायचे असते. क्षयाची तपासणी औषध सुरू झाल्यावर केली तर ती खोटी नकारात्मक येऊ शकते, म्हणजे जंतू असूनही 'नाही' दाखवू शकते, कारण ती प्रतिकारपेशींच्या प्रतिसादावरच चालते. लशींचेही तसेच. निष्क्रिय (जिवंत जंतू नसलेली) लस शक्यतो औषधाच्या किमान २ आठवडे आधी आणि जिवंत (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेली) लस ४ आठवडे आधी घ्यावी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, तोंडावाटे पोलिओ या जिवंत लशी. औषधे चालू असताना त्या सहसा देत नाहीत. रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २ आठवडे किंवा त्याहून जास्त घेणाऱ्यालाही हाच नियम.

फ्लूचे इंजेक्शन दरवर्षी, न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूची लस आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस मात्र उपचार चालू असतानाही घेता येते. प्रतिसाद थोडा कमी मिळतो, तरी तो मिळवण्यासारखा आहे. संधिवात-सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी फ्लूच्या लशीनंतर २ आठवडे ते थांबवले तर प्रतिपिंडे जास्त तयार होतात. आजार आटोक्यात असेल तर हे डॉक्टरांना जरूर विचारा. रिटुक्सिमॅबनंतर निदान सहा महिने लशीला फारसा प्रतिसाद मिळत नाही, तेव्हा ती आधीच उरकलेली बरी. घरातल्या इतरांचे लसीकरणही पूर्ण हवे. घरभर जंतुनाशक फवारत राहण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी अधिक.

रोजच्या काळजीत पहिला मान हात धुण्याला. साबणाने २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. किमान ६० टक्के अल्कोहोलचा सॅनिटायझर प्रवासात चालतो, पण जुलाब घडवणारे नोरोव्हायरस आणि क्लॉस्ट्रिडियम जंतूचे बीजाणू (टणक कवचातले सुप्त रूप) त्याला दाद देत नाहीत. घरात कुणाला जुलाब होत असतील तर साबण-पाणीच हवे.

खाण्यात फळे आणि सॅलड सोडण्याची गरज नसते. अगदी निर्जंतुक आहाराने संसर्ग कमी झाल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही. नीट धुवा, खा. टाळायचे ते कच्चे दूध व त्याचे चीज, अर्धकच्चे अंडे-मांस आणि कच्चे मोड. मोडांतले जंतू बियांच्या फटीत असतात, धुऊन जात नाहीत. शिजवले की प्रश्न मिटतो. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजायला हवी, आणि उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे. फ्रिजचे तापमान ४ अंशांच्या आत ठेवा. तरीही लिस्टेरिया हा जंतू तिथे हळूहळू वाढतोच, त्यामुळे शिळे अन्न वाफ निघेपर्यंत गरम करावे. पाण्याची खात्री नसेल तर ते खळखळून १ मिनिट उकळा. नुसते क्लोरीन पुरत नाही, कारण जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी त्याला जुमानत नाही.

कुंड्यांची माती, कंपोस्ट आणि बांधकामाची धूळ यांत बुरशीचे बीजाणू असतात. हातमोजे आणि घट्ट बसणारा मास्क लावा, कंपोस्टची पिशवी तोंडापासून लांब धरून उघडा. मांजराची विष्ठा रोज दुसऱ्या कुणीतरी काढावी: तिच्यातला टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, रोज साफ केल्याने ती वेळच येत नाही.

काही चुका औषधाच्या डबीतच होतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतले तर पांढऱ्या पेशी कोसळतात. वार ठरवा, तो डबीवर लिहा. मेथोट्रेक्सेटबरोबर कोट्रायमॉक्झॅझोल हे अँटिबायोटिक घेतले तरी तसेच होऊ शकते, कारण दोन्ही फोलेटचाच (पेशी बनायला लागणाऱ्या एका ब जीवनसत्त्वाचा) मार्ग अडवतात. प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिले, किंवा त्याने ग्रेपफ्रूट खाल्ले, तर टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते. साध्या खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जातानाही औषधांची पूर्ण यादी सोबत न्या.

एवढे करूनही संसर्ग होतोच कधीकधी, आणि तो ओळखणे इथे कठीण असते. ताप, सूज, लाली ही प्रतिकारशक्तीचीच कामे. ती दबली की खुणाही दबतात. स्टेरॉइडवर आतड्याला छिद्र पडले तरी पोट फारसे दुखत नाही. संधिवाताच्या टोसिलिझुमॅब या औषधावर सीआरपी ही दाह दाखवणारी रक्ततपासणी गंभीर संसर्गातही नॉर्मल येऊ शकते. म्हणून ३८ अंश ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, आणि पॅरासिटामॉल घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा. ताप नसतानाही थंडी वाजून हुडहुडी, नवा धाप लागणारा खोकला, गोंधळलेपण किंवा अंगावर एकाच बाजूला फोडांचा पट्टा दिसला तरी थांबू नका. कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला आणि तुम्हाला कांजिण्या कधी झालेल्या नसतील, तर पुरळ येण्याची वाट न पाहता कळवा. प्रतिबंधक प्रतिपिंडांचे इंजेक्शन संपर्कापासून १० दिवसांच्या आतच देता येते.

संसर्ग झाला की मेथोट्रेक्सेट आणि जैविक इंजेक्शने (इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिम्युमॅबसारखी) डॉक्टर बहुधा तात्पुरती थांबवतात. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेले स्टेरॉइड मात्र स्वतःहून कधीही बंद करू नका. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे कॉर्टिसोल (शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणे कमी केलेले असते, आणि आजारपणात शरीराला ते नेहमीपेक्षा जास्त लागते. उलट डोस वाढवावा लागतो. किती वाढवायचा, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर स्टेरॉइड इंजेक्शनने द्यावे लागते, आणि त्यासाठी रात्री दोन वाजताही रुग्णालय गाठायला हवे.