बोटीच्या तळातलं भोक आणि पितळाचा गुलाबी रोग

पितळ गंजत नाही, देवघरातली समई बघा की, पणजीच्या काळची आहे आणि अजून ठणठणीत, असं सांगून ओळखीतल्या एका शिडाच्या बोटवाल्याने परवा हार्डवेअरच्या दुकानातला नळकामाचा पितळी बॉल व्हॉल्व्ह बोटीला लावायचं ठरवलं. समईबद्दल तो बोलला ते खरंच आहे, पण समई समुद्राच्या पाण्यात बुडवून ठेवलेली नसते ना.

आधी हा व्हॉल्व्ह असतो कुठे ते सांगतो. 25-30 फुटी शिडाच्या बोटीला पाणरेषेखाली मुद्दाम भोकं पाडलेली असतात, इंजिन गार ठेवायला पाणी आत घ्यायचं असतं, टॉयलेटला पाणी आत-बाहेर करायचं असतं, सिंकचं पाणी बाहेर सोडायचं असतं. प्रत्येक भोकात आरपार एक फिटिंग, त्यावर सीकॉक म्हणजे बंद-चालू करायचा व्हॉल्व्ह, आणि त्याला होज पाइप. यातलं काहीही तुटलं की समुद्र थेट आत. किती जोरात येतो ते शाळेतल्या फिजिक्सने काढता येतं, v = √(2gh), यात v म्हणजे वेग, g म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि h म्हणजे भोकाची पाण्याखालची खोली. भोक पाण्याखाली 60 सेंटिमीटर असेल तर वेग निघतो सेकंदाला साधारण 3.4 मीटर. दीड इंची भोक धरलं आणि कडेपाशी धार आकसते ते वजा केलं तरी मिनिटाला 140 लिटरच्या आसपास पाणी येतं. छोट्या बोटीतल्या पंपावर ताशी 2000 लिटर लिहिलेलं असतं, म्हणजे मिनिटाला 33, आणि तेही पाणी वर न चढवता मोजलेलं. त्यामुळे पंप आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पितळ नेमकं मरतं कसं. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. जस्त साधारण 35-37 टक्क्यांपर्यंत असेल तोवर त्याचे अणू तांब्याच्याच स्फटिकरचनेत सामावून जातात, याला अल्फा म्हणतात. त्याहून जास्त जस्त घातलं की वेगळ्या रचनेचे, जस्ताने गच्च भरलेले कण तयार होतात, ते बीटा. नळकामाचं पितळ साधारण 60-40 चं असतं, त्यामुळे त्यात दोन्ही मिसळलेले असतात, बीटामुळे ते गरम असताना छान घडवता येतं आणि स्वस्तही पडतं. पण इलेक्ट्रोड पोटेन्शियलच्या तक्त्यात (आकडा जितका खाली तितका धातू विरघळायला तयार) तांबं +0.34 व्होल्टवर आणि जस्त −0.76 वर, म्हणजे खाऱ्या पाण्यात उतरायला जस्त टपूनच बसलेलं असतं. शेजारच्या अल्फा कणांच्या तुलनेत बीटा ॲनोड म्हणजे झिजणारी बाजू होतो, आधी तो विरघळतो, मग पाळी अल्फाची. त्यात तांबंही थोडं आयन होऊन उतरतं पण लगेच तिथेच परत धातू होऊन बसतं, आणि मागे उरतो तांब्याचा सच्छिद्र स्पंज. गंमत म्हणजे आकार तसाच राहतो, आटेसुद्धा दिसतात, फक्त ताकद गेलेली असते आणि रंग पिवळ्याचा गुलाबी झालेला असतो. पाणी कोमट आणि साचलेलं असेल तर हे जास्त वेगाने होतं, आणि मुंबई-गोव्याचं पाणी तर वर्षभर कोमटच.

यावर उपाय म्हणून पितळाचा डीझेडआर (डीझिंकिफिकेशन रेझिस्टंट, म्हणजे जस्त निघून जाऊ न देणारा) नावाचा प्रकार निघाला. त्यात जस्त 36 टक्क्यांच्या आसपास ठेवतात, उष्णता देऊन बीटा जवळपास संपवतात आणि अगदी चिमूटभर आर्सेनिक घालतात, साधारण 0.1 टक्का. तांबं परत धातू होऊन बसण्याच्या साखळीत हे आर्सेनिक आडवं येतं आणि प्रक्रिया थांबते. पण ते फक्त अल्फाला वाचवतं, बीटाला नाही, म्हणून साध्या पितळात आर्सेनिक घालून काही उपयोग नाही.

ही नुसती थिअरी नाही. 2006 मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनजवळ रँडम हार्वेस्ट नावाच्या मासेमारी बोटीत पाणी भरलं, आणि तपासात असंच जस्त निघून गेलेलं पितळी फिटिंग सापडलं. तरी अशा फिटिंगसाठीच्या आयएसओ 9093 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 1994 च्या आवृत्तीत "गंजरोधक"ची व्याख्या काय होती, तर 5 वर्षं काम बिघडू नये! मग डब्यावर "मरीन ग्रेड" छापलेलं असलं तरी त्याला किती किंमत द्यायची? मिश्रधातूचा नंबर विचारा. सीडब्ल्यू617एन सांगितला तर ते नळकामाचं साधं पितळ, तिथेच ठेवून या, सीडब्ल्यू602एन म्हणजे डीझेडआर, तो चालेल.

त्याहून चांगलं ब्राँझ किंवा गनमेटल, 85 टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी 5. फक्त बॉडी ब्राँझची असली तरी आतला बॉल कित्येकदा क्रोम चढवलेल्या पितळाचाच असतो, तो विचारून घ्या. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे व्हॉल्व्ह गंजतच नाहीत, मला छोट्या बोटीला तेच आवडतात, पण पाना लावून राक्षसासारखे आवळायचे नाहीत. ॲल्युमिनियमच्या बोटीला तर ब्राँझ लावूच नका, बोटच खाल्ली जाईल.

देखभाल फार नाही पण नेमाने हवी. महिन्यातून एकदा प्रत्येक हँडल पूर्ण उघड-बंद करा, नाहीतर क्षार आणि बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव) जमून ते जाम होतं आणि गरज पडते तेव्हाच हलत नाही. पावसाळ्यात बोट वर काढलेली असते तेव्हा चाकूने धातू जरासा खरवडून बघा, चकचकीत पिवळा दिसला तर ठीक, गुलाबी दिसला तर व्हॉल्व्ह बदला, पुढच्या सीझनला बघू म्हणू नका. होजला दोन क्लिपा, आणि शेजारी दोरीने बांधलेलं मापाचं लाकडी बूच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ जरूर वाहा, पण बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लिंबू-मिरची टांगून तळातला धातू तपासला जात नाही, त्याला खाली वाकूनच बघावं लागतं.

विकत घेताना अजून एक. आरपार फिटिंगचे आटे बहुतेकदा सरळ असतात आणि अमेरिकन मापाच्या व्हॉल्व्हचे निमुळते, दोन-तीन आटे बसतात आणि अडकतं, वरून टेफ्लॉन टेप गुंडाळला की घट्ट बसल्यासारखं वाटतं. टेप लावायच्या आधी दुकानातच दोन्ही तुकडे हाताने फिरवून बघा, किती आटे आत जातात ते मोजा, आणि दोन-तीनवरच थांबलं तर एकाच मापाची, एकाच कंपनीची जोडी मागा.