चाळकेवाडीचा सडा: वरती पवनचक्क्या, खाली सरडे

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून वर चढलं की चाळकेवाडीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं खडकाळ पठार, लागतो. पायाखाली जांभा, त्यावर खुरटं गवत आणि नजर जाईल तिथवर पवनचक्क्या.

भारतात वीज बनवणाऱ्या पवनचक्क्यांचे पहिले समूह १९८६ मध्ये किनाऱ्यालगत उभे राहिले. रत्नागिरी, गुजरातचं ओखा आणि तमिळनाडूचं तुतिकोरिन ही ती ठिकाणं. यंत्रं जेमतेम ५५ किलोवॅटची. साताऱ्याच्या डोंगरमाथ्यांवर त्या आल्या १९९०च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्यामागे साधं गणित होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. नैर्ऋत्य मोसमी वारा घाट चढून माथ्यावर येतो तो जोर धरूनच. तो पाती फिरवतो, पात्यांचा संथ वेग गिअरबॉक्समध्ये वाढतो आणि जनित्र वीज तयार करतं. म्हणूनच इथली बरीचशी वीज पावसाळ्यात होते.

सडा कागदोपत्री पडीक ठरतो, तिथे काय बिघडणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल. पण सडा पडीक नाही. उन्हाळ्यात इथे दगडावर चढून नर सरडा गळ्याखालचा पंखा उघडतो; निळा, काळा, नारिंगी असे तीन रंग क्षणभर झळकतात आणि मिटतात. २०१६ मध्ये या सरड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, नाव 'सरडा सुपर्बा'. प्रजातीच्या शास्त्रीय नावात आपला मराठी 'सरडा' जसाच्या तसा आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

पवनचक्क्यांचं नुकसान म्हणजे पात्याला धडकून मेलेला पक्षी, एवढंच आपण धरतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी याच सड्यावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि गोष्ट त्यापुढे गेली. पवनचक्क्या नसलेल्या भागात तिसा, कापशी घार असे शिकारी पक्षी जवळपास चौपट होते. पवनचक्क्यांखाली सरड्यांना खाणारे कमी उरले, म्हणून सरडे वाढले. त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक उतरलं. माणूस बराच जवळ आला तरी ते पळेनात. मात्र दाटी झाली तशी अन्नासाठी चढाओढ लागली, अंगं रोडावली. नरांच्या गळ्यावरचे ते रंगही फिके पडले.