कौटुंबिक हिंसाचार: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

तक्रार केली तर घर सुटेल, या धाकाने कितीतरी जणी मार खाऊन गप्प राहतात. म्हणून आधी हेच सांगते. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायला घर सोडावं लागत नाही, घटस्फोटही मागावा लागत नाही. ती नांदते ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी तिथे राहू देण्याचा आदेश मागता येतो.

अर्ज बायकोनेच करावा असं नाही. आई, बहीण, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्रीही करू शकते. शिवीगाळ, शरीरसंबंधाची जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, दागिने अडकवून ठेवणं हीसुद्धा हिंसाच.

महिला व बालविकास कार्यालयात संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली बाईच्या मदतीसाठी नेमलेले अधिकारी, कुठे भेटतील ते विचारा. ते कौटुंबिक घटना अहवाल (घरात काय घडलं त्याची लेखी नोंद) तयार करतात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडे याच कायद्याच्या कलम 12 चा अर्ज करायला मदत करतात. थेट न्यायालयातही जाता येतं. माहेरी तात्पुरती आलेली बाई तिथल्याच न्यायालयात अर्ज करू शकते. वकील विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

लग्नाचा दाखला नाही म्हणून थांबू नका. लग्नपत्रिका, फोटो, रेशनकार्ड, आधार, मुलांचे जन्मदाखले, असेल ते न्या. दागिन्यांची यादी करा: पाटल्या, मंगळसूत्र, कुणी घातलं, आता कुणाकडे आहे. धमकीचे मेसेज पुसू नका. दवाखान्यात ‘बाथरूममध्ये घसरले’ असं सांगू नका. कुणी मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. पुढे हाच कागद सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

पहिली सुनावणी साधारण 3 दिवसांत लावावी आणि 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. त्यामुळे संरक्षण, घर, खर्च आणि मुलांचा ताबा यांसाठी अंतरिम आदेश (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता आदेश) सुरुवातीलाच, शपथपत्र जोडून मागा.

शेजाऱ्यांनीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवावं. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कायदेशीर जबाबदारी येत नाही. मारहाण चालूच असेल तर 112 वर, सल्ला हवा असेल तर 181 वर फोन करा.

आदेशाची प्रत मोफत मिळते, ती जवळ ठेवा. संरक्षण आदेश मोडणाऱ्याला 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.