व्हाळाकाठची रानजायफळं : पाणथळ राया कशा उरल्या

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे २.५९ हेक्टरची एक पाणथळ राई आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला. रानजायफळांच्या अशा राया एकेकाळी पश्चिम घाटाच्या पायथ्याला ओहोळांच्या काठाने पसरलेल्या असणार. आज केरळ, कर्नाटक, गोवा आणि सिंधुदुर्गात त्यांचे तुकडे तेवढे शिल्लक आहेत. केरळातलं सगळं क्षेत्र एकत्र केलं तरी दीड चौरस किलोमीटरच्या आसपासच भरतं.

या जंगलाची पहिली शास्त्रीय नोंद कृष्णमूर्ती यांनी १९६० मध्ये त्रावणकोर भागातून केली. १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांच्या वनवर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. तोवर त्याचा बराचसा भाग नाहीसा झाला होता, आणि त्यामागचं कारण जमिनीतच आहे. घाटाखाली व्हाळ, म्हणजे ओढा, जिथे संथ होतो, तिथे काळा गाळ साठतो आणि ओल बाराही महिने टिकते. भाताला नि पोफळीला हवी असते ती नेमकी अशीच जागा. त्यामुळे शेती खाली उतरली तशी पहिली कुऱ्हाड या झाडांवर पडली. पुढे धरणं आली. कर्नाटकात शरावती नदीवरचं लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये पूर्ण झालं. धरणाचं पाणी आधी सखल खोरीच गिळतं.

ही झाडं पाण्यात उभी राहतात ती मुळांच्या जोरावर. चिखलात हवा नसते, म्हणून मुळं गुडघा दुमडल्यासारखी वर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा गाळात शिरतात. खोडाच्या बुंध्यापासून तिरक्या आधारमुळांचे टेकूही फुटतात. यांचं बी वाळलं की मरतं. ते साठवून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, त्यामुळे लहान राईतली मोजकी झाडं पडली तरी फळधारणेचं गणित बिघडतं. कोकणात पावसानंतर सात-आठ महिने कोरडे जातात. तरीही ही झाडं इतक्या उत्तरेला तगली आहेत, ती फक्त बारमाही झऱ्यांमुळे.

मसाल्यात पडणारी रामपत्री अनेकांच्या ओळखीची असेल. ती रानजायफळाच्या एका जातीच्या बीवरची पत्री, म्हणजे बीभोवतीचं लाल आवरण. उत्तर कन्नडमध्ये ती जंगलातून गोळा होते. भाव मिळतो म्हणून फळं पिकण्याआधीच उतरवली जातात, कधी फांद्याच तोडल्या जातात. पिकलेल्या फळातली लाल पत्री खायला धनेश येतो आणि बी दूर नेऊन टाकतो. कच्ची फळं उतरवली की ही सगळी साखळीच थांबते.

मग या राया उरल्या कुठे? बहुतेक जिथे देव होता तिथे. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या बांबर इथली निरंकाराची राई हे त्याचं ठळक उदाहरण. दोडामार्गातच कुंब्रलच्या भालांदेश्वराच्या देवराईतही अलीकडे असं जंगल नोंदलं गेलं आहे. शासनाचं संरक्षण फार उशिरा आलं. त्याआधी कितीतरी पिढ्या गावकऱ्यांनी राईत कोयता लावला नाही. याचं श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दापूर तालुक्यातल्या कत्तलेकान जंगलात तर बिब्ब्याच्या कुळातली एक सर्वस्वी नवी जात सापडली, आणि २००० मध्ये तिला त्या जागेचंच नाव मिळालं.

मात्र आता देवाचा धाक आणि सरकारी फलक, दोन्ही मिळूनही पुरणार नाहीत. राईतलं एकही झाड न तोडता राई मारता येते. वरच्या अंगाला झरा पाइपाने पोफळीकडे वळवला, किंवा उतारावरचं जंगल साफ करून रबर नि अननस लावला, की गाळ कोरडा पडू लागतो. जुनी झाडं काही वर्षं उभी दिसतात, पण खाली रोपं येत नाहीत. कर्नाटकाने २०११ मध्ये सिंहपुच्छ माकडांसाठी अघनाशिनी राखीव क्षेत्र जाहीर केलं. ते सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं होतं आणि कत्तलेकान त्यातच येत होतं; २०१९ मध्ये ते शरावती खोऱ्यातल्या मोठ्या अभयारण्यात सामील झालं. तिथे दलदलीबरोबर तिच्या वरचे डोंगरउतारही हद्दीत आले. हेवाळे-बांबर्ड्याची हद्द मात्र २.५९ हेक्टरवर थांबते, आणि एवढ्या जागेत कुठल्याच झऱ्याचं पाणलोट मावत नाही. ती वरच्या उतारांपर्यंत वाढवायला हवी, आणि त्यासाठी तिथल्या बागायतदारांना पाण्याची दुसरी सोय आधी करून द्यायला हवी.